पाळी जायच्या वयातल्या वाफा आणि घरचं सोयाबीन: वापरून बघायची रीत

आपल्या विदर्भात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि थ्रेशरवरून थेट मार्केटला जातं. घरात ते शिजत नाही. फार तर किराणा दुकानातून सोयाबीनच्या वड्या येतात. याच दाण्यात स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनशी मिळतीजुळती द्रव्यं असतात, आणि पाळी जायच्या वयात अंगातून ज्या गरम वाफा निघतात त्या या द्रव्यांनी काही बायांच्या थोड्या कमी होतात. किती कमी होतात, कोणी वापरायचं, कोणी आधी डॉक्टरला विचारायचं आणि घरच्या घरी कसं करायचं, ते इथे सांगते. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

पहिलं काम: त्रास पाळी जाण्याचाच आहे का, ते बघा

सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं, पण त्याआधीची दोन-चार वर्षं पाळी मागेपुढे होते आणि वाफा तेव्हापासूनच सुरू होऊ शकतात. छातीपासून गरमी वर चढते, चेहरा लाल होतो, मान आणि पाठ घामाने भिजते, छाती धडधडते आणि दोन-चार मिनिटांत सगळं उतरून उलट थंडी वाजते. "आंगातून जाळ निघून राह्यला" असं बाया सांगतात तो हाच. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारी एक जागा असते. इस्ट्रोजेन कमी झालं की ती जागा जरा जास्तच हळवी होते आणि अंग किंचित तापलं तरी घाम सोडून ते थंड करायला धावते.

हा त्रास सरासरी सात वर्षं राहतो, काहींना दहाच्या वर. म्हणून "होईल बंद आपोआप" म्हणून कोणाला गप्प बसवू नये.

पण प्रत्येक गरमी पाळी जाण्याची नसते. थायरॉईड वाढलं तरी घाम येतो आणि धडधड होते. टीबीमध्ये रात्री घाम फुटतो, सोबत वजन उतरतं, खोकला असतो. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरली की दरदरून घाम येतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उन्हात काम करताना चढलेली गरमी सावलीत बसूनही उतरत नसेल, डोकं भणभणत असेल, बाई असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजा. अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

दोन गोष्टींसाठी घरगुती उपाय करत बसू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक थेंब का असेना, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायचीच. आणि पाळी जायच्या आधी इतकं जातंय की गाठी पडतात, तासाला कपडा बदलावा लागतो, तर "या वयात असंच असते" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. त्यात रक्त कमी होतं आणि थकवा येतो, आणि मग तोही पाळी जाण्याच्या खात्यावर मांडला जातो.

गर्भाची पिशवी काढलेल्या बायांसाठी वेगळं सांगते, कारण आपल्या गावांत अशा बाया बऱ्याच आहेत आणि कित्येकींना चाळिशीच्या आतच काढायला लावलेली असते. पिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. अशा कमी वयाच्या बाईला सोयाबीन पुरत नाही. हाडं आणि हृदय सांभाळायला तिला बहुतेक वेळा हार्मोनची औषधं लागतात, साधारण पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत. ऑपरेशनचा कागद शोधा, अंडाशयं ठेवली की काढली ते वाचून घ्या आणि तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. कोणाचीही पाळी चाळिशीच्या आत आपोआप थांबली असेल तरी हेच.

किती फरकाची अपेक्षा ठेवायची

सोयाबीनमधल्या द्रव्यांना आयसोफ्लेव्होन म्हणतात. त्यातली मुख्य दोन, जेनिस्टीन आणि डेडझीन. शरीरात इस्ट्रोजेन जिथे जाऊन काम करतं तिथेच ती चिकटतात, पण त्यांचं बळ खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने फारच थोडं असतं.

२०१६ साली ६२ अभ्यास आणि साडेसहा हजारांवर बाया एकत्र धरून हिशेब मांडला गेला. त्यात वनस्पतीतल्या इस्ट्रोजेनमुळे दिवसाला साधारण एक-सव्वा वाफ कमी झाली आणि योनीचा कोरडेपणा थोडा कमी झाला. रात्रीच्या घामावर फरक दिसला नाही. फक्त आयसोफ्लेव्होनच्या अभ्यासांचा २०१२ सालचा हिशेब सांगतो की औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळ्यांच्या तुलनेत वाफा साधारण पाचव्या हिश्शाने घटल्या, आणि बारा आठवडे किंवा जास्त दिवस घेणाऱ्यांना जास्त फरक पडला. दुसरीकडे, उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये वाफांवर उपाय म्हणून सोयाबीनच्या गोळ्यांची शिफारस केली नाही, कारण अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं मत असं की ज्या बाईला दिवसाला सहा-सात वाफा येतात, काम थांबत नाही पण जीव कावतो, तिने हे करून बघण्यासारखं आहे. जिची झोपच गेली आहे, दिवसाला पंधरा-वीस वाफा येतात, तिने सोयाबीनवर तीन महिने घालवू नयेत, आधी डॉक्टरला दाखवावं.

एकीला फरक पडतो आणि तिच्या जावेला पडत नाही, असंही होतं. आतड्यातले काही जंतू डेडझीनपासून इक्वॉल नावाचं जास्त जोरकस द्रव्य तयार करतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात.

आधी कोणी विचारायचं

थायरॉईडची गोळी चालू असेल तर सोयाबीन चालतं, पण गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर हवं. सकाळी उपाशीपोटी गोळी, सोयाबीन दुपारी किंवा रात्री. सोयाबीन सुरू केल्यावर महिना-दीड महिन्याने टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची तपासणी, करून घ्या. लोहाच्या गोळीचंही तसंच, ती सोयाबीनच्या जेवणासोबत घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, चालू असेल तर आधी विचारा. मुतखडा वारंवार होत असेल किंवा किडनी कमजोर असेल तरी विचारा. सोयाबीन खाऊन अंगावर गांधी उठत असतील तर विषय संपला.

स्तनाच्या कॅन्सरची भीती बायांना सगळ्यात जास्त वाटते. जेवणातलं सोयाबीन बेताने खाल्ल्याने हा कॅन्सर वाढतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण ज्यांना हा आजार होऊन गेला आहे किंवा टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू आहे, त्यांनी आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या-पावडरीपासून लांब राहावं आणि जेवणातल्या सोयाबीनबद्दलही आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलावं.

सोयाबीन कुठलं घ्यायचं

या भागात घाई करू नका. पेरणीनंतर थैलीत उरलेलं बियाणं कधीही, कितीही धुऊन, खायला घेऊ नका. त्याला बुरशीचं आणि किडीचं औषध चोळलेलं असतं. बहुतेक वेळा ते लाल, गुलाबी, निळं दिसतं, पण रंग फिका पडला म्हणून औषध गेलं असं होत नाही. घरी बीजप्रक्रिया केलेल्या सोयाबीनचंही तेच. ती थैली कोठीत धान्याशेजारी ठेवूच नका. तसंच, ज्या धान्यात कीड लागू नये म्हणून सल्फासच्या गोळ्या ठेवल्या होत्या ते सोयाबीन घरच्या खाण्यात आणू नका.

काढणीच्या वेळीच खायचं वेगळं काढावं. पाच-दहा किलो पुरतं. पावसात सापडलेला, काळे डाग पडलेला, बुरशीचा वास येणारा माल व्यापारी भाव पाडून का होईना घेतो, पण तो आपल्या ताटात नको. पिवळा, टणक, कोरडा दाणा निवडा आणि झाकणाच्या कोठीत ठेवा. घरी पिकत नसेल तर किराणा दुकानात खायचं म्हणून मिळतं तेच आणा.

आणखी एक. सोयाबीनच्या तेलात ही द्रव्यं जवळजवळ नसतातच. घरात महिन्याला पाच लिटर सोयाबीन तेल लागतं म्हणून आपल्याला ती मिळतात असं नाही. तूर-हरभऱ्यातही ती नाममात्र आहेत.

शिजवायची रीत

कच्चं किंवा अर्धकच्चं सोयाबीन खायचं नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, ते नीट शिजल्यावरच मोडतं. पोट फुगणं, जुलाब, मळमळ अशा तक्रारींना बऱ्याचदा हेच कारण असतं. आणि तो कच्चट वास, ज्यामुळे घरातले लोक ताट सरकवतात, तोही वेळीच उकळत्या पाण्यात टाकलं तर जातो.

पिठासाठी असं करा. दाणा निवडून धुवा. मोठ्या गंजात भरपूर पाणी ठेवा आणि त्याला खळखळून उकळी आली की मगच दाणा टाका. थंड पाण्यात टाकून तापवलं तर वास दाण्यातच बसतो, म्हणून उकळीची वाट बघायची. पंचवीस मिनिटं उकळू द्या. वर फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहा, नाहीतर चूल विझते. दाणा दोन बोटांत दाबला की साल सुटून दोन डाळी वेगळ्या व्हायला हव्यात. मग पाणी ओतून द्या, थंड पाण्यात घालून हाताने चोळा, सालं तरंगून वर येतात ती काढा. धोतराच्या कापडावर उन्हात वाळवा, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. आपल्या उन्हाला दोन दिवस पुरे होतात, पावसाळ्यात मात्र हे काम करू नका, दाणा आंबतो. शेवटी कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा.

५ किलो गव्हाला असं अर्धा किलो सोयाबीन घाला आणि चक्कीवर दळून आणा. यापेक्षा जास्त घातलं तर पोळी कडक होते आणि कोणी खात नाही. या पिठात तेल असतं, म्हणून पंधरा दिवसांचंच दळा, जास्त दिवस ठेवलं की खवट होतं. ज्वारीची भाकर खाणाऱ्यांनी हेच प्रमाण ज्वारीला धरावं, भाकर थापताना पाणी गरम घ्यावं. थोडं सोयाबीनचं पीठ वेगळं दळून ठेवलं तर झुणक्यात बेसनासोबत जातं आणि पालकाच्या पातळ भाजीला आळण म्हणूनही चांगलं लागतं.

उसळीसाठी रात्रभर भिजवा, सकाळी पाणी फेका, कुकरमध्ये एक शिटी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला. सोयाबीनला फेस येतो आणि सुटलेली सालं शिटीच्या भोकात अडकतात, त्यामुळे हे विसरून चालत नाही. मग लसूण, तिखट, कोथिंबीर घालून आपली नेहमीची फोडणी.

रोज किती? वाळल्या सोयाबीनच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १०० मिलिग्रॅमच्या वर आयसोफ्लेव्होन असतात. जात आणि जमिनीप्रमाणे बरंच कमीजास्त होतं आणि उकळताना काही पाण्यात जातात. अभ्यासांत बहुतेक ४० ते ८० मिलिग्रॅम रोज दिलेलं आहे. म्हणजे वाळलेलं मूठभर, ३० ते ४० ग्रॅम. वर सांगितलेलं पीठ दिवसाला पाव किलो पोटात जात असेल तर त्यातून वीस-बावीस ग्रॅम झालं. उरलेलं उसळीतून किंवा वड्यांच्या भाजीतून घ्या. ३० ग्रॅम कोरड्या वड्या एका जेवणाला पुरतात. एकदम पूर्ण प्रमाण घेतलं तर पोटात गॅस धरतो, म्हणून पहिला आठवडा अर्धंच घ्या.

अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात बायांना रोज अर्धा कप शिजलेलं सोयाबीन दिलं होतं आणि बारा आठवड्यांत मध्यम-तीव्र वाफा खूपच कमी झाल्या. पण त्यांनी सोबत मांस, दूध, अंडी बंद केली होती आणि तेलही अगदी कमी केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय सोयाबीनला देता येत नाही. आपल्याकडच्या बाईने त्यातून तेल कमी करण्याचा भाग घ्यावा, दूध-दही मात्र हाडांसाठी सोडू नये.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब ठेवा

सोयाबीन सुरू करायच्या आधी दोन आठवडे नुसत्या वाफा मोजा. कॅलेंडरच्या चौकोनात वाफ आली की एक रेघ, घामाने ब्लाउज भिजला तर रेघेवर आडवी काट. रात्रीच्या वाफा चौकोनाच्या खालच्या बाजूला. लिहिता येत नसलं तरी रेघा ओढता येतात. मग बारा आठवडे खाणं आणि रेघा दोन्ही चालू ठेवा. एकेका दिवसाकडे बघू नका, आठवड्याची बेरीज आठवड्याशी लावा.

ऋतूचं भान ठेवा. फेब्रुवारीत सुरू करून मे महिन्यात मोजलं तर फायदा झालेला असूनही दिसणार नाही, आणि दसऱ्याला सुरू करून पौषात मोजलं तर थंडीचं श्रेय सोयाबीनला जाईल. जुलै ते सप्टेंबर हवा त्यातल्या त्यात एकसारखी असते. तेव्हा करायचं तर पीठ उन्हाळ्यातच वाळवलेल्या दाण्याचं हवं, म्हणून मे महिन्यात, शेवया-पापडांच्या दिवसांत, दाणा उकळून, वाळवून डब्यात भरून ठेवा.

जवसाबद्दल

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे उभ्या धानात फेकून जवस पेरतात आणि जवसाची चटणी तर विदर्भात घरोघरी आहे. जवसातली द्रव्यं वेगळी, त्यांना लिग्नान म्हणतात. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात जवसाने वाफा कमी झाल्यासारख्या वाटल्या, पण २०१२ मध्ये १८८ बायांवर नीट तपासलं तेव्हा जवस खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोघींच्या वाफा सारख्याच कमी झाल्या. तेव्हा वाफांसाठी जवसाचा भरवसा धरू नका. बद्धकोष्ठ आणि कोलेस्ट्रॉल यांसाठी मात्र जवस खरंच चांगलं, आणि या वयात दोन्ही डोकं वर काढतात. भाजून, कुटून, दिवसाला जेवणाचे एक-दोन चमचे, सोबत पाणी भरपूर. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. औषधाच्या गोळ्या जवसाच्या जेवणासोबत घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा.

गोळ्या आणि पावडरी

आठवडी बाजारात, बसस्टँडवर, आता मोबाईलवरही "बायांच्या सर्व तक्रारींवर" म्हणून डबे विकतात. आत काय आहे हे ज्यावर लिहिलेलं नाही ते पोटात घालू नका. अशा चूर्णांत स्टिरॉइड आणि जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत. ब्लॅक कोहोश नावाची परदेशी मुळी काही गोळ्यांत असते. तिच्यात वनस्पती-इस्ट्रोजेन नाही, आणि तिने लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. शतावरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण वाफांवर तिचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. घ्यायचीच तर शिकलेल्या वैद्याला विचारून घ्या आणि ते वैद्य तुमच्या बाकीच्या गोळ्या बघतील याची खात्री करा.

बारा आठवड्यांनी रेघा कमी झाल्या नाहीत तर

मग औषध म्हणून सोयाबीन मोजायचं थांबवा. जेवण म्हणून खायला हरकत नाही, प्रथिनं आहेतच. वाफांवर सगळ्यात जास्त गुण हार्मोनच्या औषधांचा. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि दुसरा धोका नसलेल्या बायांना ती तपासणी करून देता येतात. हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील तर बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीची जळजळ, यांवर सोयाबीन पुरत नाही. त्यासाठी लावायचं मलम असतं आणि ते चांगलं काम करतं. हे बोलायची लाज वाटत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईला आधी एकटीत सांगा.

पहिली पायरी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिशीच्या वरच्या बायांची बीपी, साखर, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिथे होते, तीही त्याच फेरीत करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ लागलाच तर ग्रामीण रुग्णालय, जिल्ह्याचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा वर्धेजवळचं सेवाग्राम. जाताना तीन वस्तू पिशवीत टाका: रेघांची कॅलेंडरची पानं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद. डॉक्टरला पाच मिनिटंच मिळाली तरी या तीन वस्तूंवरून पुढचं ठरवता येतं.